गोळ्या की गप्पा, हा वाद नंतर घाला

सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. मावसबहिणीच्या मुलाची झोप उडालीय, कॉलेज बंद, जेवणावरची वासना गेलेली. निम्मी मंडळी म्हणतात, सायकियाट्रिस्टकडं नेऊ नका, गोळ्या मागं लागतील; काउन्सेलर बघा. बाकीचे म्हणतात, नुसतं बोलून काय होतंय? इकडं बर्मिंगहॅममध्ये हे वाचताना मला काळजी वाटते ती वेगळीच: समोर बसणारा काय शिकलाय आणि त्याची नोंदणी कुठं आहे, हे कुणीच विचारत नाही.

सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर पुढं शिकलेला डॉक्टर. औषध देतो, आणि त्याआधी थायरॉइडसारखं शरीरातलं कारण तर नाही ना, हेही तपासतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. मानसिक चाचण्या आणि थेरपी हे त्याचं काम, आणि त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं या दोघांबरोबर मानसोपचारातल्या प्रशिक्षित नर्स आणि सोशल वर्करनाही तज्ज्ञ मानलंय. नुसता काउन्सेलर त्या यादीत नाही. चांगले, जीव ओतून काम करणारे काउन्सेलर आहेतच. पण चार दिवसांच्या कोर्सवर पाटी लावणाराही त्याच नावानं बसतो.

इंग्लंडात सगळं आलबेल आहे असं नाही. नोंदणीशिवाय स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणं इथं गुन्हा आहे, काउन्सेलर म्हणवणं नाही. थेरपीसाठी आपलं आपण नाव देता येतं; सरकारी सायकियाट्रिस्टसाठी मात्र बहुतेकदा आधी जीपीची, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, मग महिनोन्‌महिने वाट. सोलापुरात सिव्हिलला केसपेपर काढून थेट मानसोपचार ओपीडीत जाता येतं. ही सोय हाताशी असताना लोक काय म्हणतील म्हणून पोराला घरात बसवून ठेवायचं, हे मला बघवत नाही.

आपल्याकडं खरी उणीव आहे ती थेरपिस्टची, त्यातही आपल्या भाषेत बोलणाऱ्यांची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या तेलुगू बाईनं मनातलं मराठीत किती सांगायचं? १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये बोलते. बहिणीला मी तो नंबर पाठवलाय. पोराला या सोमवारी सिव्हिलला न्यायचं, आणि पुढं थेरपी ठरली तर फीच्या आधी नोंदणी क्रमांक विचारायचा, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.