वालावलकरांचं शेवटचं पुस्तक

फेब्रुवारीत माझी चाळीस पानं राहिली होती आणि मे संपत आला तरी चाळीसच राहिली होती, कारण मी ती वाचतच नव्हतो. पुस्तक उशाशी, चष्मा पुस्तकावर आणि मी बिनचष्म्याचा मोबाइलवर कुणाच्यातरी मुंजीचे फोटो मोठे करून बघतोय.

पुस्तक म्हणजे हेनिंग मांकेलचं 'द ट्रबल्ड मॅन'. स्वीडनच्या पार दक्षिण टोकाला यिस्टाड नावाचं बंदराचं छोटं गाव आहे (यिस्टाड म्हणायचं की उस्टाड यावर मी रोज वेगळा निकाल देतो), तिथला पोलीस इन्स्पेक्टर कुर्ट वॉलंडर, त्याची ही शेवटची कादंबरी. आमच्या घरात मात्र कुर्टबिर्ट कुणी म्हणत नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळीच बायकोने पाठीमागून डोकावून "हे कोण वालावलकर?" असं विचारलं आणि तेव्हापासून ते वालावलकर ते वालावलकरच.

आणि खरं सांगायचं तर ते वालावलकरच आहेत हो. असा एक मामा प्रत्येक घरात असतो. बायको मोना सोडून गेलेली, डायबेटीस आहे तरी रात्री उशिरा पिझ्झा चापणार, झोप नाही, ऑपेरा ऐकत बसणार, आणि वडिलांशी दोन वाक्यांच्या पुढे गेलं की भांडण. वडील चित्रकार, पण आयुष्यभर एकच चित्र काढणारे, तेच रान आणि तोच सूर्य, फरक एवढाच की काही चित्रांत रानकोंबडा असतो आणि काहींत नसतो. मी हे जेवताना सांगितलं की बायको भाकरी थापायची थांबून म्हणणार, "शुगर आहे ना त्यांना? मग पिझ्झा कशाला?" जसं काही मीच आणून दिलाय.

पहिलं पुस्तक स्वीडिशमध्ये १९९१ ला आलं, शेवटची कादंबरी २००९ ला. पण इंग्रजी भाषांतरं काही क्रमाने आली नाहीत, चौथं तर आठव्याच्या नंतर आलं, त्यात मी फूटपाथवर जे मिळेल ते उचलणारा. परिणाम असा झाला की सहाव्या पुस्तकात वालावलकरांचे वडील वारले, मी दोन दिवस डोंबिवली ते सीएसटी सुतकी चेहऱ्याने उभ्याने प्रवास केला, शेजारच्याने घरी सगळं ठीक ना म्हणून विचारलं सुद्धा, आणि पुढच्याच महिन्यात मिळालेल्या पुस्तकात म्हातारा ठणठणीत, हातात ब्रश! ते चौथं होतं. म्हणजे मी सुतक पाळलं ते पाळलं, वर फिटवायची सोय नाही.

तर शेवटच्या पुस्तकात वालावलकरांचे व्याही हरवतात. होकान फॉन एन्के, नौदलातले निवृत्त अधिकारी, सकाळी फिरायला जातात ते परत येतच नाहीत. हे मी बायकोला सांगितलं.

"व्याही म्हणजे लेकीचं लग्न झालं का?"

"नाही अजून."

"मग व्याही कसे?"

"नात झालीये."

यावर स्वयंपाकघरात बराच वेळ फक्त मिक्सरचा आवाज.

मग गोष्ट पाणबुड्यांवर जाते, आणि हा भाग मला भारी आवडला. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत रशियाची एक पाणबुडी खरोखरच स्वीडनच्या कार्ल्सक्रोना नौदल तळाजवळ खडकावर चढून बसली होती. गुपचूप आलेली पाणबुडी, आणि आपल्याकडे पावसाळ्यात टेम्पो खड्ड्यात रुतावा तशी सगळ्या जगासमोर रुतलेली. पुढची कित्येक वर्षं त्या देशाला समुद्रात जरा काही हललं की पाणबुडीच दिसायची. मांकेलने तो सगळा जुना संशय उकरून काढलाय, कोण कुणाचा हेर, कोण कुणाला वाचवतंय, आणि त्यातून हा साठीचा डायबेटिक माणूस वाट काढतोय. पण मला गुन्हेगार कोण याच्यात रसच राहिला नव्हता. कारण सुरुवातीलाच वालावलकर आपलं सर्व्हिस पिस्तूल हॉटेलात विसरून येतात. दारू झालेली असते म्हणा. पण नंतर दारू नसतानाही अधूनमधून डोक्यात एकदम काळोख होतो, आपण इथे कशाला आलो तेच कळत नाही. आणि मी अठ्ठावन्नचा, हे वाचताना चष्मा शोधतोय आणि तो नाकावर.

यात आमच्या बायकोची एक खोड सांगायला हवी. ती कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. कुणी मेलंय का बघते आणि मग ठरवते वाचायचं की नाही. स्पॉयलर वगैरे तिच्या लेखी नाही, ती म्हणते लग्नाची पंगत बघूनच आपण ताटावर बसतो ना. फेब्रुवारीत एका दुपारी मी उठलो तर ती माझ्या खुर्चीत, हातात पुस्तक, आणि चेहरा असा की मी म्हटलं, "सांगू नकोस!" तिने सांगितलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वाचा तुम्ही. सावकाश वाचा."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्यासमोर वाटी यायला लागली. भिजवलेले बदाम, सोललेले, सात. तीस वर्षांच्या संसारात मी स्वतःचे शेंगदाणे स्वतः सोललेत, त्यामुळे मला भरून आलं. मधेच ती सहज विचारायची, "आज वार कोणता हो?" मला वाटायचं कॅलेंडर लांब आहे म्हणून विचारते.

चाळीस पानं न वाचण्यामागे एवढंच होतं की ती वाचली की वालावलकर संपले. स्वीडनमधल्याच एका लेखक जोडप्याने, शोवाल आणि वालू, १९६५ ते १९७५ एका पोलीस मालिकेची ठरवून दहाच पुस्तकं लिहिली, एक प्रकरण याने एक तिने, आणि दहावं झाल्यावर खरंच दुकान बंद. (आमच्यात भांडी एक दिवसाआड घासायचं ठरलेलं ते दहा दिवस टिकलं नाही.) तिथे निदान आधीपासून माहीत असतं. पण वालावलकर? अकरा वर्षं त्यांची स्वतःची अशी मोठी कादंबरी नाही, मधे एकात लेकच पोलीस होऊन पुढे, आणि मग एकदम हे शेवटचं.

शेवटी वीजबिलाने सोडवलं. मीटर कापायला माणूस दारात उभा, फेब्रुवारीचं बिल भरलेलं नाही म्हणे. मी भरलंय म्हणून त्याच्याशी वाद घातला, आवाज चढवला, शेजारचे काका बाहेर आले. मग बायको आत गेली, पुस्तक घेऊन आली, आणि पान ३२७ का कुठल्यातरी पानातून घडी घातलेलं बिल काढून तिने काही न बोलता माझ्या हातात दिलं. मी ते बुकमार्क म्हणून ठेवलं होतं.

बुकमार्क गेल्यावर काय करणार, त्याच रात्री वाचायला बसलो. अडीचला शेवटच्या पानावर आलो. व्याह्यांचं प्रकरण मिटलेलं असतं, आणि मग एका छोट्याशा परिच्छेदात लेखक सांगून टाकतो की वालावलकरांना अल्झायमर झाला, आता पुढची वर्षं त्यांची आणि लेक नातीची, बाकी कुणाची नाहीत. बस. दार लावून घेतलं तोंडावर.

मी पंखा बघत पडलो. आणि मग हळूहळू, एकेक करून, बदाम आठवायला लागले. "आज वार कोणता हो?" आठवलं. उठून बसलो.

"जागी आहेस?"

"हं. झालं वाचून?"

"ते बदाम..."

"झोपा आता."

झोप कुठली येतेय. म्हटलं पहिल्यापासून परत सुरू करू, आता नीट क्रमाने, तिथे वालावलकर बेचाळीसचे आहेत आणि पिस्तूल जागच्या जागी आहे. कपाट उघडलं. दुसरं होतं, तिसरं होतं, पहिलं नाही. कुणाला तरी वाचायला दिलं होतं. कुणाला दिलं ते मी एका डायरीत लिहून ठेवतो, निळ्या, ती खणात असते. खण उघडला, नव्हती. माळ्यावरची पिशवी काढली, देवघराखालचं कपाट काढलं, पहाटे चारला बायको दिवा लावून दारात.

"काय शोधताय?"

"निळी डायरी."

"कशाला?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात नेमकं... म्हणजे मला माहीत होतं, जिभेवरच होतं, दोन सेकंद लागली फक्त.

सकाळी वाटीत बदाम दहा होते.