खानापूरच्या घराचे फोटो: दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच लिहिणार होतो, पण रागात लिहिलेलं सकाळी आपल्यालाच वाचवत नाही. म्हणून आधी तुमच्या चौदाही फोटोंच्या मूळ फाइल्स उघडून बघितल्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांनी खानापूर तालुक्यातलं आजोबांचं कौलारू घर होमस्टेसाठी नीट करून घेतलं, त्याचे फोटो आम्ही काढले. त्यांचं म्हणणं असं की फोटो कॅलेंडरसारखे भडक आहेत, आकाश जांभळं, कौलांभोवती पांढरी कड, सोप्यातल्या पंख्याला सहा पाती, आईंचा हात दोनदा. वर बिलात एकेका फोटोचे पाच-पाच मोजले. आणि शेवटी, "हे एचडीआर तर माझा मोबाईलही फुकटात करतो." (एचडीआर म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक बनवणं.)

पैशाचं आधी उरकतो. बिलावर "७० फ्रेम" छापलं तो आमचा मूर्खपणा. दर तयार फोटोवरच लावलाय, चौदा फोटोंचा, कोटेशनमध्ये होता तोच. एका तयार फोटोसाठी पाच क्लिक लागले, एवढाच त्या सत्तरचा अर्थ. जादा एक रुपया घेतलेला नाही, त्यामुळे परत करायचाही प्रश्न येत नाही.

पाच का लागले ते सांगतो. तुमच्या माजघराला एकच लहान खिडकी, तीही परसाकडे. त्या दिवशी श्रावणातलं ऊन-पाऊस चाललेलं. बाहेर केळीच्या पानांवर ऊन चकाकतंय आणि आत चुलीशेजारच्या कोनाड्यात हात घातला तर हात दिसत नाही. आपला डोळा खिडकीकडे बघताना एक जुळवून घेतो, कोनाड्याकडे बघताना दुसरं, म्हणून आपल्याला दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये हे पेलत नाही. खिडकी धरली तर माजघर काळंकुट्ट, माजघर धरलं तर खिडकीच्या जागी पांढरा कागद. म्हणून ट्रायपॉड लावून, एफ/८ (भिंगाचं छिद्र) आणि आयएसओ १०० (प्रकाशाची संवेदनशीलता) तसंच ठेवून, फक्त शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, बदलत गेलो: १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि शेवटी पूर्ण १ सेकंद. दर खेपेला आधीच्या चौपट उजेड. मग पाचही एकावर एक बसवून प्रत्येकातलं चांगलं तेवढं घ्यायचं.

याला तुम्ही "कॉम्प्युटरची फसवाफसवी" म्हटलंय, ते मात्र मला मान्य नाही. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे नावाचे फोटोग्राफर १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह जोडून प्रिंट काढत होते. आमचे बाबा शहापुरातल्या डार्करूममध्ये एन्लार्जरखाली (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र) तळहात हलवत चेहऱ्यावरचा प्रकाश अडवायचे, आणि आकाशाला दोन-चार सेकंद जास्त द्यायचे. तुमचा मोबाईलही तेच करतो, बटण एकदा दाबलं तरी आत तो भराभर अनेक फ्रेम घेऊन जोडतो. अंगणातल्या फोटोला तो छान पुरतो, मी स्वतः वापरतो. पण त्या माजघरात आमच्या पोरानेही मोबाईलवर एक काढून बघितला होता. कोनाडा नुसता रांगोळीच्या दाण्यांसारखा रवाळ आलाय.

आता आमच्या चुका. पंखा बंद करायला हवा होता. दर फ्रेममध्ये पातं वेगळ्या जागी, जोडल्यावर सहा दिसणारच. आईंचं त्याहून वाईट. त्या तांदूळ निवडत बसलेल्या, हात हलणारच. अशा वेळी माणूस एकाच फ्रेममधून उचलायचा आणि बाकीच्या फ्रेम फक्त भिंतीला वापरायच्या, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही ठाऊक आहे. घाई झाली. आईंची मी फोनवर माफी मागितली आहे, इथेही मागतो.

पांढरी कड आणि जांभळं आकाश हे टोन मॅपिंग नावाच्या पायरीचं पाप. अंधारातलं वर उचलायचं आणि उजेडातलं खाली दाबायचं, हे काम सॉफ्टवेअर आजूबाजूचा भाग बघून करतं. काळ्या कौलाला लागून लख्ख आकाश आलं की सांध्यावर त्याचा हिशेब चुकतो आणि कड उमटते. ती कड या पायरीचा स्लायडर कमी करून घालवता येते. आम्ही कमी केला नाही, उलट वाढवला, कारण होमस्टेचे फोटो "उठून दिसले पाहिजेत" असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हता.

तुमच्या रिव्ह्यूतलं सगळ्यात लागलेलं वाक्य तुम्ही शेवटी, सहज लिहिलंय: "आमचं माजघर एवढं उजेडाचं कधीच नव्हतं." मी तो फोटो परत बघितला. कोनाडा, चूल, आढ्याच्या तुळया, सगळं सारखंच उजळ. एखाद्या शोरूमसारखं. वास्तविक मला हे कळायला हवं होतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्ती या जैन मंदिरात मी हेच तंत्र शिकलो, मंडपाच्या छतातलं दगडी कमळ काढता काढता. पहिल्या वर्षी मी तिथला कानाकोपरा उजळवायचो आणि कमळ सपाट दिसायचं, थाळी पालथी घातल्यासारखं. पाकळ्यांमागचा काळोख तसाच राहू दिला तेव्हा कुठे ते छतातून खाली उतरलं. ते शिकलेलं तुमच्या घरात विसरलो.

तर चौदापैकी बारा फोटो त्याच मूळ फाइल्सवरून नव्याने बनवलेत. या वेळी टोन मॅपिंग नाही, एक्स्पोजर फ्यूजन वापरलं; २००७ साली मांडलेली ही पद्धत दर ठिकाणी ज्या फ्रेममध्ये तपशील आणि रंग नीट आलाय तिला जास्त वजन देते, त्यामुळे रंग सहसा भडकत नाहीत. माजघराला पाचाऐवजी तीनच फ्रेम घेतल्या, सगळ्यात उजळ दोन टाकून दिल्या. कोनाडा आता काळाच आहे, फक्त आतल्या तांब्याच्या काठावर थोडी चमक दिसते. लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली आहे, पण कृपा करून मोबाईलवर ठरवू नका. ब्राइटनेस वाढवलेल्या स्क्रीनवर सगळंच उजळ दिसतं. दुकानात या, ८ बाय १२ च्या प्रिंट काढून ठेवल्यात.

राहिले दोन, पंख्याचा आणि आईंचा. ते पुन्हा काढावे लागतील, त्याचे पैसे नाहीत, येण्याजाण्याचेही नाहीत. सोप्यात सकाळी नऊच्या आत ऊन येत नाही, तेव्हा आलेलं बरं. आईंना त्या वेळी सवड असेल तो दिवस कळवा. तांदूळ निवडतानाच काढू, नुसतं बसवून नाही.