सतरा आकडे नाहीत म्हणून गाडी बनावट ठरत नाही

‘व्हिंटेज गाडी घेताय? फसू नका!’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: प्रत्येक अस्सल गाडीवर १७ आकडी नंबर असतो. त्यातलं दहावं अक्षर म्हणजे गाडीचं वर्ष आणि शेवटचे आकडे म्हणजे ती कारखान्यातून निघालेली कितवी गाडी. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर एकच असेल तर गाडी ‘मॅचिंग नंबर’, नसेल तर चोरीची किंवा जोडजमाव केलेली. आणि हे सगळं कुठल्याही ऑनलाइन डीकोडरमध्ये, म्हणजे नंबराचा अर्थ उलगडणाऱ्या वेबसाइटवर, टाकलं की मिनिटात कळतं.

चार-पाच वर्षं वापरलेली स्विफ्ट घेणाऱ्याला यातलं थोडंफार उपयोगी पडेल. १९४३ ची जीप किंवा १९६५ ची फोर्ड मस्टँग बघायला निघालेल्याने हा मेसेज प्रमाण मानला, तर चांगली गाडी हातची जाईल आणि वाईट गाडी गळ्यात पडेल.

आधी ते सतरा आकडे. (आकडे म्हणायचं, पण त्यात अक्षरंही असतात.) ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९७७ मध्ये मांडली गेली आणि अमेरिकेने ती १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची केली. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. फोक्सवॅगन बीटलला १९६५ च्या मॉडेलपासून नऊ आकडे होते, १९७० पासून दहा झाले. मस्टँगला अकरा. १९६९ च्या शेवरोले कमॅरोला तेरा. जग्वार ई-टाइपला सुरुवातीला मूळ आकडे सहाच. यातली एकही गाडी मेसेजमधल्या पहिल्याच परीक्षेत पास होणार नाही, आणि सगळ्या अस्सल आहेत. उलट १९६० च्या दशकातल्या गाडीवर सतरा आकडी नंबर दिसला, तर तिथेच थांबून मालकाला तो कुठून आला ते विचारायला हवं.

नंबर सापडायचा कुठे, याबद्दल मेसेज एवढंच म्हणतो की ‘पुढच्या काचेखाली डॅशबोर्डवर बघा’. काचेतून दिसणारा नंबर अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून बंधनकारक झाला. त्याआधीच्या गाडीत काचेखाली काहीच सापडलं नाही, तर नंबर खरवडून काढलाय अशी शंका घेण्याचं कारण नाही. १९६५ च्या मस्टँगचा नंबर बॉनेट उघडल्यावर डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर पंच केलेला असतो. बीटलचा मागच्या सीटखाली, तळाच्या मधोमध जाणाऱ्या उंचवट्यावर (त्याला बोगदा म्हणतात), आणि इंजिनाचा डायनॅमोच्या स्टँडखाली. फोर्ड मॉडेल टीची तर गोष्टच वेगळी. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्या चेसिसवर नंबरच नव्हता. इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर जो नंबर पंच केला, तोच गाडीचा नंबर. म्हणजे इंजिन बदललं की कागदोपत्री गाडीच बदलली. मॉडेल टीचं उत्पादन १९२७ मध्ये थांबलं, पण तिची इंजिनं सुटा भाग म्हणून १९४१ पर्यंत बनत राहिली. नंबरावरून तारीख काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: ती तारीख इंजिनाची असते, गाडीची नव्हे.

जिथे पत्र्याची पट्टी आणि पंच केलेला नंबर दोन्ही असतात, तिथे पंचवर जास्त भरवसा ठेवायचा. पट्टी रिव्हेट काढून बदलता येते, आणि हुबेहूब नव्या पट्ट्या राजरोस विकत मिळतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९६० च्या दशकाच्या मध्यापासून फुलाच्या आकाराची रिव्हेट आहेत. तिथे साधी गोल रिव्हेट दिसली की नंबर वाचण्याआधी रिव्हेटबद्दल विचारा. आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी कागद ठेवून चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट काढतात, ती सवय इथे फार कामाची आहे. आकड्यांची खोली कमी-जास्त आहे का, एखादा तीन बाकीच्या तीनांपेक्षा वेगळ्या पंचचा आहे का, आजूबाजूला ग्राइंडर फिरलाय का, हे डोळ्यांपेक्षा त्या कागदावर लवकर दिसतं. खाडीकाठच्या हवेत गंजलेल्या चेसिसवर तर त्याशिवाय इलाजच नाही.

आता दहाव्या अक्षराकडे येऊ. मेसेजमधली ही सर्वांत फसवी ओळ आहे, कारण ती अर्धी खरी आहे. अमेरिकी पद्धतीत दहावी जागा मॉडेल वर्षाची, पण तिथली अक्षरं दर तीस वर्षांनी फिरून येतात. ‘बी’ म्हणजे १९८१ आणि ‘बी’ म्हणजेच २०११. शिवाय ही जागा वर्षासाठीच वापरावी असं बंधन सगळ्या जगावर नव्हतं. १९८० च्या दशकात युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या मर्सिडीजमध्ये दहावा आकडा सांगतो स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे: १ म्हणजे डावीकडे, २ म्हणजे उजवीकडे. अशी १९८८ ची उजव्या स्टिअरिंगची मर्सिडीज अमेरिकी पद्धतीच्या डीकोडरमध्ये टाका, तो तिला २००२ ची ठरवेल. नवव्या जागी येणारा, बाकीच्या आकड्यांच्या गणितातून निघणारा तपासणीचा आकडाही उत्तर अमेरिकेच्या नियमातला. युरोपच्या गाडीचा नंबर त्यात ‘अवैध’ निघाला, तर दोष गाडीचा नाही.

वर्ष म्हणजे कॅलेंडरचं वर्ष, हाही गैरसमज. मस्टँगची विक्री १७ एप्रिल १९६४ ला सुरू झाली, पण त्या पहिल्या महिन्यांतल्या गाड्यांचा नंबरही ५ नेच सुरू होतो, १९६५ मधला ५. बीटलचं मॉडेल वर्ष ऑगस्टपासून. ११८ ००० ००१ हा नंबर १९६८ च्या मॉडेलचा पहिला, पण गाडी ऑगस्ट १९६७ ची. आरसी बुकात १९६७ आणि नंबरात ८ दिसला म्हणून एजंटशी भांडू नका, दोन्ही बरोबर आहेत.

‘शेवटचे आकडे म्हणजे कितवी गाडी’ यावर फार वेळ घालवायची गरज नाही. ई-टाइपच्या उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्या ८५०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगच्या ८७५००१ पासून, बंद टपाच्या पुन्हा वेगळ्या. म्हणून जग्वारने आठ लाखांवर ई-टाइप बनवल्या असं कोणी म्हणत नाही. रोल्स-रॉइस तर १३ आकडा टाळायची आणि काही मालिकांत फक्त सम किंवा फक्त विषम आकडे द्यायची.

खरा घोळ ‘मॅचिंग नंबर’ या शब्दांचा आहे, आणि पैसेही तिथेच बुडतात. मेसेज म्हणतो, इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच हवा. दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्या, कारण युद्धानंतर लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेल्या जीप आपल्याकडे अजून दिसतात. तीच जीप विलीस या अमेरिकी कंपनीनेही बनवली आणि फोर्डनेही. फोर्डने इंजिन आणि चेसिसवर एकच नंबर पंच केला. विलीसने तसं केलंच नाही, कारखान्यातून निघतानाच दोन नंबर वेगळे होते. मग ज्या विलीसवर दोन्ही नंबर तंतोतंत सारखे आहेत, तिच्यावर कोणीतरी नंतर हात चालवलाय, हा पहिला संशय. मेसेज मात्र तिलाच अस्सल ठरवतो.

अमेरिकी गाड्यांत या शब्दांचा अर्थ आणखी वेगळा. १९६९ च्या कमॅरोच्या इंजिनावर गाडीच्या पूर्ण नंबराचा फक्त शेवटचा भाग आणि शेजारी इंजिनाचा कोड असतो, आणि तेवढं जुळलं की गाडी ‘मॅचिंग’. गाडीचा नंबर काय सांगतो? १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ (आठ सिलिंडरच्या इंजिनाची) कमॅरो, ३७ म्हणजे कूपे (दोन दारांची, बंद टपाची), ९ म्हणजे १९६९, ‘एन’ म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना, पुढे अनुक्रमांक. साधी व्ही-८ की कमॅरोचाच महागडा प्रकार झेड-२८, हे त्यात कुठेच नाही. म्हणूनच साध्या कमॅरोची झेड-२८ करून विकण्याचा धंदा चालतो. ब्लॉकचा सपाट भाग घासायचा आणि हवा तो नंबर नव्याने पंच करायचा. कारखान्यातल्या यंत्राने त्या भागावर सरळ समांतर ओरखडे सोडलेले असतात. ते पुसले गेले असतील, तर आकडे कितीही जुळोत, गाडी साध्या व्ही-८ च्याच भावाची समजा.

ब्लॉकवर ओतीव उठावदार आकडे असतात, त्यांना सीरियल नंबर समजणारेही बरेच भेटतात. तो साच्याचा नंबर. एकाच साच्याचे लाखो ब्लॉक निघतात, काही साचे दशकभर चालले. शेजारी ओतकामाची तारीखही असते, पण शेवरोलेच्या त्या काळातल्या बहुतेक ब्लॉकवर वर्षाचा एकच आकडा. ९ म्हणजे १९६९ की १९७९, हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.

राहिला ‘नंबर जुळत नाही म्हणजे चोरीची’ हा आरोप. आयात बंद असलेल्या काळात आपल्याकडे मूळ इंजिन मिळायचंच नाही. मोठमोठ्या अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिनं बसली, फियाट आणि अॅम्बॅसॅडरमध्येही बदलली गेली. इंजिन बदलल्याची नोंद आरसीत असेल, तर त्यात बेकायदा काही नाही. नोंद नसेल तर तो कागदाचा प्रश्न आहे, आणि तो पैसे देण्याआधी सोडवायचा. मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हा बदललेलं इंजिन हा गुन्हा नाही, पण त्या नोंदणीत आडवं येऊ शकतं.

डीकोडरऐवजी मग कुठे जायचं? मॉरिस, ऑस्टिन, एमजी असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या संग्रहात कारखान्याच्या नोंदी आहेत, त्यावरून दाखला मिळतो. रोल्स-रॉइसची चेसिस कार्डं, म्हणजे एकेका गाडीच्या कारखान्यातल्या नोंदी, इंग्लंडमधल्याच पॉलर्सपरीच्या हंट हाउसमध्ये जपलेली आहेत. १९६७ पासूनच्या अमेरिकी फोर्डसाठी कारखान्याच्या नोंदींवरून बनणारा ‘मार्टी रिपोर्ट’ मागवता येतो. कमॅरोची अडचण अशी, की अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाडीचा नंबर देऊन कारखान्याची नोंद मागवण्याची सोय नाही. तिथे गाडीबरोबर आलेले कागदच बघायचे: पेट्रोलच्या टाकीवर चिकटून राहिलेली बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद) किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी. यातलं काहीच नसेल, तर झेड-२८ म्हणून मागितलेले जास्तीचे पैसे देऊ नका.