आमची टीम व्हाया हैदराबाद दिल्लीला गेली

२० मार्च २०२२. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगची फायनल. केरळा ब्लास्टर्सच्या पब्लिकने स्टँड पिवळेधमक केलेले, समोर हैदराबाद एफसी. सामना हातातून गेला असं वाटत असताना ८८व्या मिनिटाला हैदराबादच्या साहिल तावोराने बरोबरी साधली. मग पेनल्टीत त्यांचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन अडवल्या. दोघंही गोव्याचेच! मी सोफ्यावरून उठून ओरडलो तेव्हा बायको म्हणाली, "तू कधीपासून हैदराबादचा?"

तिला काय सांगणार? २०१९ पर्यंत लीगमधली ही जागा पुण्याची होती. एफसी पुणे सिटी. २०१८ मध्ये आपण पहिल्यांदा सेमीफायनलला गेलो. बालेवाडीत ०-०, मग बंगळुरूत त्यांच्या छेत्रीची हॅटट्रिक आणि आपला खेळ खल्लास. पुढच्याच वर्षी मालकांनी हात वर केले. जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली, मार्सेलिनोसारखे काही खेळाडूही तिकडे. त्याच वर्षी दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाली.

आणि पुण्यात काय झालं? काहीही नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस रडके इमोजी, पाचव्या दिवशी कुणीतरी मिसळीचा फोटो टाकला. नाहीतरी पुण्याला सवयच होती. त्याआधी इथला पुणे एफसी गेला, भारत एफसी एका सीझनमध्ये आटोपला, डीएसके शिवाजियन्सही गेला. इतके क्लब गेल्यावर माणूस किती वेळा सुतक पाळणार!

याउलट लंडनच्या विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं बघा. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला क्लब. स्वतःचं मैदान सोडून १९९१ पासून दुसऱ्याच्या मैदानावर भाड्याने खेळत होता, तोटा वाढत होता. तिकडे लंडनबाहेरच्या मिल्टन कीन्स या गावात एका बिझनेसमनला स्टेडियम बांधायचं होतं, शेजारी मोठी दुकानं, पण खेळायला टीम नव्हती. म्हणजे मांडव तयार, फक्त नवरदेव पळवून आणायचा! मे २००२ मध्ये तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने क्लब तिकडे हलवायला परवानगी दिली. चाहत्यांनी महिन्याभरात गावच्या मोकळ्या मैदानावर ट्रायल घेतल्या, दोनशेच्या वर पोरं आली, आणि थेट नवव्या पायरीवरच्या लीगमध्ये एएफसी विम्बल्डन उभा राहिला. नऊ वर्षांत पाच बढत्या. २०२० मध्ये जुन्या घरी, प्लाउ लेनला परत. आज मिल्टन कीन्सच्या टीमशी सामना असला की तिचं नाव घेतानाही विम्बल्डनवाल्यांच्या जिवावर येतं.

लोक म्हणतात, इंग्रजांना वेड आहे, आपल्याला नाही. मला हे अर्धंच पटतं. त्यांना चढायला जिना होता. २०१९ मध्ये पुण्यातल्या शंभर वेड्यांनी वर्गणी काढून क्लब काढला असता, तरी आयएसएलचं दार बाहेरून उघडत नव्हतं. आत जायचं तर जागा विकत घ्या. खालच्या लीगमधून पहिली बढती मिळाली २०२३ मध्ये, पंजाबला. जिथे जागा विकत मिळते तिथे ती विकलीही जाते, आणि ती कुठल्या गावात ठेवायची हे मालक ठरवतो. मालकाला तरी किती दोष द्यायचा? दर वर्षी तोटा सोसून माझ्या भावना कोण जपणार? पण मग जर्सी विकताना "तुमचा क्लब" म्हणू नका ना राव.

बरं, हैदराबादला तरी ती जागा लाभली का? तो चषकाचा सीझन अख्खा गोव्यात झाला, करोनामुळे. नंतर पगार थकले, खेळाडू गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली. मालक बदलले आणि २०२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला. आता नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. ज्या शहरातून २०१९ मध्ये एक टीम उठून गेली, तिथे सहा वर्षांनी दुसऱ्या शहराची आणली.

पुणे सिटीची घोड्याच्या लोगोची नारिंगी जर्सी अजून कपाटात आहे. हल्ली रविवारी सकाळी जमलं तर पुण्यातल्या एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीग बघायला जातो. तिकीट नाही. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे मित्र, दोन-चार बाप आणि एक चहावाला, जो ऑफसाइडवर रेफ्रीशी माझ्यापेक्षा जास्त भांडतो.