म्हणे, आधी कॉर्ड्स पक्क्या कर!

आज गिटारच्या क्लासमधून तणतणतच घरी आले. अजून जेवलेही नाही, आधी हे लिहिते.

आमच्या बॅचला अकरावीतला एक मुलगा आहे. येऊन सात-आठ महिने झाले असतील. आज सर यायच्या आधी कोपऱ्यात बसून ईगल्स या अमेरिकन बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया' गाण्यातल्या सोलोची, म्हणजे गायन थांबून गिटारच पुढे येते त्या भागाची, पहिली ओळ लावून बघत होता. चुकत होता, मागे येत होता, परत जात होता. सर आले, दोन मिनिटं ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "एफ शार्पचा बार अजून नीट वाजत नाही तुझा, आणि सोलो? आधी कॉर्ड्स पक्क्या कर." (कॉर्ड म्हणजे काही स्वर एकदम वाजवणं, आणि बार म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची कॉर्ड.) दोघं-तिघं हसले. त्याने गिटार बॅगेत घातली, चेन ओढली आणि उरलेला पाऊण तास मोबाईल बघत बसला.

का? कुणाचं काय बिघडत होतं?

मला हे इतकं लागलं कारण हेच वाक्य मीही ऐकलंय. या क्लासमध्ये नाही, आधीच्या. मी गिटार हातात घेतली 43व्या वर्षी आणि चौथ्या महिन्यात याच सोलोच्या मागे लागले. दुकानदाराने "शिकायला हीच बरी" म्हणत जाड तारांची अकूस्टिक, म्हणजे बिनविजेची गिटार दिलेली. तिच्या तिसऱ्या तारेवर बारीक तारेचे वेढे असतात, इलेक्ट्रिकची तिसरी तार साधी आणि पातळ असते, हे मला कुणीही सांगितलं नाही. ती वेढ्यांची तार ओढून पूर्ण एक स्वर वर न्यायची म्हणजे बोटांची सालं निघतात. महिनाभर मला वाटत होतं, माझ्याच बोटांत जोर नाही. शेवटी ऑफिसमधल्या एकाची पडून असलेली इलेक्ट्रिक मागून आणली, तिला 9 नंबरच्या पातळ तारा लावल्या, तेव्हा कुठे तार हलली.

हलली, पण सुरात येईना. मी बाहेरच्या खोलीत बसायचे आणि आई आत मेथी निवडत असायची. आई 71 वर्षांची, लहानपणी बाईंकडे गाणं शिकलेली. हे गाणं कुणाचं, कुठलं, तिला काहीही माहीत नाही. पण मी बेंड घेतला, म्हणजे तार ओढून स्वर वर चढवला की आतून आवाज यायचा, "उतरतोय गं. अजून थोडा वर." रोज. तीन आठवडे हेच एक वाक्य.

आता सांगा, यात चुकीचं काय शिकत होते मी?

आणि 'आधी कॉर्ड्स, मग सोलो' हे मला मुळातच पटत नाही. त्या सोलोचा शेवट आठवतोय ना, दोन गिटारी हातात हात घालून उतरत जातात तो? त्या कॉर्ड्सच आहेत! बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, परत एफ शार्प. गाण्यात पहिल्यापासून वाजणाऱ्या त्याच आठ कॉर्ड्स, एकेक स्वर सुटा करून. एफ शार्पवर आलं की माझं बोट सवयीने 'ए'वर जायचं आणि कानाला खुपायचं. तिथे 'ए शार्प' आहे. म्हणजे बी हा षड्ज धरला तर कोमल निषाद जाऊन शुद्ध निषाद येतो. ही कॉर्ड त्या जागी का आहे, हे मला वहीतल्या कॉर्डच्या चौकटींवरून वर्षभरात कळलं नव्हतं. या एका स्वराने कळलं.

हो, पाया लागतो, मान्य आहे. ताल कच्चा ठेवून नुसते पळणारेही असतात.

पण पळायला सांगतंय कोण? मूळ गाणं मिनिटाला 74 ठोक्यांच्या आसपास आहे, मी मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) 40वर लावून बसते. यूट्यूबवर वेग निम्मा करते. आईच्या बाई असंच शिकवायच्या की! एकेक जागा गळ्यावर चढेपर्यंत पन्नास वेळा घ्यायला लावायच्या. त्याला आपण तालीम म्हणतो. आणि या पोराने तेच केलं की "झेपत नाही ते कशाला", "नुसती नक्कल".

नक्कल म्हणणाऱ्यांसाठी ईगल्सचा गिटारिस्ट डॉन फेल्डरने स्वतः सांगितलेला किस्सा. या गाण्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, त्याने मालिबूच्या घरी कॅसेटवर केला होता. बराच काळ लोटल्यावर मायामीत रेकॉर्डिंगला तो आणि बँडचा दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श नवीन काहीतरी वाजवायला लागले, तर गायक-ड्रमर डॉन हेन्लीने थांबवलं. डेमोत आहे तसंच हवं! मग फेल्डरने घरी कामाला असलेल्या बाईंना फोन करून ती कॅसेट लावायला सांगितली आणि फोनवरून ऐकून स्वतःचंच वाजवणं परत बसवलं. 1976 साली. ज्याने बनवलं त्यालाही ऐकून-ऐकून बसवावं लागलं, मग या पोराने का नाही?

सर वाईट नाहीत हो. हे लिहिताना रागाचा जोर जरा ओसरलाय, म्हणून हेही सांगते. माझा बेंड लागला तो त्यांच्यामुळेच. अनामिका तारेवर, तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनी टेकू म्हणून, आणि जोर बोटांचा नाही, मनगट फिरवायचं. दोन फ्रेट (गिटारच्या दांडीवरचे घर) पुढचा स्वर आधी वाजवून कानात धरायचा, मग मागे येऊन तार तिथवर चढवायची. बॅच संपल्यावर पंधरा मिनिटं थांबून, माझं मनगट हातात धरून दाखवलं त्यांनी. म्हणूनच आज जास्त लागलं. ज्या माणसाला हे इतकं नीट शिकवता येतं, त्याने त्या मुलाला तीच पंधरा मिनिटं द्यायची होती.

त्या दिवशी घरी येऊन गिटार लावली आणि पहिल्याच खेपेला तार चढली आणि वर टिकली. आतला मेथी खुडायचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "हां. लागला आता." बस, एवढंच. माझे डोळे भरून आले होते.

त्या मुलाला अजून कुणी 'लागला' म्हटलेलं नाही.

गुरुवारी परत क्लास आहे. मी अर्धा तास आधी जाणार आहे आणि त्याच्या शेजारची खुर्ची धरणार आहे. त्याला आत्ताच मेसेज केलाय की गिटार घेऊन लवकर ये, पहिली ओळ 40वर लावू, मग शेवटच्या जोडीत वरची गिटार तुझी, खालची माझी. दोन निळ्या टिकल्या आल्यात, उत्तर नाही आलेलं अजून.