कोर्स आमचा, हक्क कुणाचा?

'ऑनलाइन कोर्स बनवा' हा कॉलेजचा आदेश आम्हा प्राध्यापकांना एका ओळीत येतो. कधी, कशावर, कुणाच्या पैशाने, याचा एक शब्द नाही! केंद्राच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या मंचाच्या चौकटीत कोर्सचे चार भाग: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच, मूल्यमापन. हे सगळं एकट्या मास्तरानं करायचं आणि वर्कलोडमध्ये धरायचे शून्य तास? माईक आमचा, मोबाइल आमचा, डेटा आमचा. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, तरी आवाज येतो म्हणून पंखा बंद करून, घाम पुसत रेकॉर्डिंग करायचं. पूर्व भागात राहणारा एक सहकारी तर शेजारचे यंत्रमाग थांबायची वाट बघत रात्री जागतो. एवढं करून व्हिडिओवर लोगो कॉलेजचा, मालकीही कॉलेजची! तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका. पुढच्या वर्षी त्यांना घरी बसवणार आणि त्यांचेच व्हिडिओ वर्गात लावणार? यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून घ्यायची मुभा दिली. मग कॉलेजला दोन पानी धोरण लिहायला काय धाड भरलीय? तास किती, मानधन किती, हक्क कुणाचा, एवढं लेखी द्या. तोवर मी कॅमेऱ्यासमोर बसणार नाही.