खुलासा : नैराश्यातला विसराळूपणा म्हणजे अल्झायमर नव्हे

‘चाळिशीत नावं आठवेनाशी झाली की अल्झायमर सुरू झाला समजा’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. या वयात अल्झायमर क्वचितच होतो. नैराश्य, चिंता आणि अपुरी झोप ही कारणं कितीतरी जास्त आढळतात.

फरक तपासणीत दिसतो. डॉक्टर तीन शब्द सांगतात आणि पाचेक मिनिटांनी विचारतात. नैराश्यातला रुग्ण बहुधा ‘नाही आठवत’ म्हणून मोकळा होतो. पण ‘त्यात एक फळ होतं’ असं सुचवलं की पुष्कळदा शब्द सापडतो. लक्ष लागत नसल्याने मेंदूत नोंद कच्ची होते, शोधायचा उत्साह नसतो. तरी नोंद असते. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसलाच (मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागालाच) इजा झाल्याने नोंदच टिकत नाही, म्हणून सुचवूनही फारसा उपयोग होत नाही. शिवाय नैराश्यात तक्रार रुग्ण स्वतः करतो, अल्झायमरमध्ये बहुतेकदा घरचे.

एवढ्यावरून घरी निदान करू नये. साठीनंतर पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी डिमेन्शियाची (स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याची, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) सुरुवातही असतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. चालू गोळ्यांची यादी दाखवा: अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची जुनी गोळी) यांनीही विसरायला होतं. मात्र अल्प्राझोलाम स्वतःहून एकदम बंद करू नका, झटके (फिट) येऊ शकतात, मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात.